राणी एलिझाबेथ १५६२ मध्येच देवीच्या रोगाने गेली असती तर?

प्रश्न असा आहे: इंग्लंडच्या गादीवरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात फ्रान्ससारखे यादवी युद्ध पेटू शकले असते का? पेटले असते तर कधी, आणि जिंकले कोण असते?

बहुतेक जण उत्तरादाखल १५८८ चे स्पॅनिश आरमार घेतात, नाहीतर १६०५ चा दारूगोळ्याचा कट. सोळाव्या शतकातला युरोप शिकवताना मी विद्यार्थ्यांपुढे तिसराच क्षण ठेवतो. ऑक्टोबर १५६२, हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा, आणि देवीच्या तापात बेशुद्ध पडलेली इंग्लंडची एकोणतीस वर्षांची प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथ. इतिहास वळवायचा तर शक्यतो एकच गोष्ट बदलावी, आणि तीही अशी की जी सहज घडू शकली असती. आरमाराला यश द्यायचे तर वारा बदला, स्पेनचा सेनापती पार्मा याचे सैन्य जहाजांवर चढवा, केंटमध्ये उतरवा, पुढे लंडन घ्या, इतके सगळे करावे लागते. इथे एका रोगाने तो एरवी घरोघरी करत होता तेच करायचे होते. राणीची शुश्रूषा करणाऱ्या मेरी सिडनीला तोच रोग जडला आणि तिचा चेहरा कायमचा विद्रूप झाला. एलिझाबेथ वाचली, पण काही तास दरबाराने ती गेलीच असे धरले होते.

माझे थोडक्यात उत्तर: युद्ध जवळजवळ नक्की झाले असते. मात्र पहिले काही महिने तरी त्याला धर्मयुद्ध म्हणता आले नसते, आणि पहिले रक्त बहुधा प्रोटेस्टंटांनी प्रोटेस्टंटांचेच सांडले असते. का, ते सविस्तर सांगतो.

धर्माआधी कायदा पाहावा लागतो. त्या काळच्या इंग्लंडमध्ये राजा मेला की त्याच्या नावाने चालणारे सगळेच थांबत असे. पार्लमेंट भरलेले असेल तर ते आपोआप विसर्जित होई. न्यायाधीशांच्या, परगण्यांतल्या दंडाधिकाऱ्यांच्या, लष्करी अधिकाऱ्यांच्या सनदा संपत. प्रिव्ही कौन्सिल हे राजाचे सल्लागार मंडळ. राजा नाही तर ते सल्ला कुणाला देणार? नवे पार्लमेंट बोलवायचे तर आज्ञापत्र राजाच्याच नावाने निघायला हवे. वारस ठरलेला असला की ही पोकळी तासाभरात भरून निघे. १५६२ मध्ये वारस ठरलेला नव्हता, आणि एलिझाबेथ तो ठरवायला जाणूनबुजून नकार देत होती. राणीचा सचिव विल्यम सेसिल याला हे भोक किती मोठे आहे ते त्या आजारपणात कळले असणार, कारण १५६३ च्या पार्लमेंटसाठी त्याने एक कलम लिहून ठेवले होते: राणी वारसाविना गेली तर नवा राजा ठरेपर्यंत कौन्सिलने कारभार चालू ठेवावा. ते मंजूर झाले नाही. आपल्याला हव्या असलेल्या ऑक्टोबरात तर ते कागदावरही नव्हते.

आता दावेदार. आठव्या हेन्रीला दोन बहिणी होत्या. थोरल्या मार्गारेटची नात म्हणजे स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट, कॅथलिक. धाकट्या मेरीची नात म्हणजे कॅथरीन ग्रे, प्रोटेस्टंट. रक्ताने पाहिले तर स्कॉटलंडची मेरी पुढे. पण १५४४ च्या कायद्याने पार्लमेंटने हेन्रीला मृत्युपत्राने वारसाक्रम ठरवायचा अधिकार दिला होता, आणि डिसेंबर १५४६ च्या मृत्युपत्रात त्याने स्वतःच्या मुलांनंतर थेट धाकट्या बहिणीच्या वंशाला जागा दिली. थोरलीचा वंश त्यात नाही. शिवाय परदेशात जन्मलेल्याला इंग्लंडात जमीनजुमला वारशाने मिळत नाही हा जुना नियम होता. तो राजमुकुटालाही लागू होतो का, यावर वकिलांना वर्षभर पुरेल इतके काम होते. उलट बाजूनेही मुद्दा होता. कायद्यात राजाने स्वहस्ते सही करावी असे लिहिले होते आणि मृत्युपत्रावर सहीचा ठसा दाबून त्यात शाई भरलेली होती. म्हणजे कायदा एकीच्या बाजूने, पण त्या कायद्याचा मुख्य कागदच संशयास्पद.

१५५३ शी तुलना करणाऱ्यांचे इथे चुकते. तेव्हा सहाव्या एडवर्डच्या मृत्यूनंतर नॉर्थंबरलंडच्या ड्यूकने जेन ग्रेला गादीवर बसवले. १० जुलैला तिची द्वाही फिरली आणि १९ जुलैला एडवर्डची कॅथलिक सावत्र बहीण मेरी ट्यूडर हिची. युद्ध झालेच नाही. म्हणून लोक म्हणतात, इंग्लिश लोक असल्या भांडणात पटकन एका बाजूला होतात. पण त्या वेळी रक्त आणि कायदा दोन्ही मेरी ट्यूडरकडे होते, त्यामुळे कुंपणावर बसलेल्या सरदारांना उडी कुठे मारायची ते स्पष्ट होते. १५६२ मध्ये रक्त एका बाजूला आणि कायदा दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंच्या माणसांना आपण बंडखोर नाही असे मनापासून वाटू शकले असते, आणि यादवी लांबण्यासाठी याहून अनुकूल स्थिती मला ठाऊक नाही.

कॅथरीन ग्रेची हकीकत तर कादंबरीकाराने रचली असती तर संपादकाने कापली असती. फासावर न जाता कुऱ्हाडीखाली गेलेल्या जेनची ही सख्खी धाकटी बहीण. १५६० च्या अखेरीस तिने हर्टफर्डचा अर्ल एडवर्ड सीमूर याच्याशी चोरून लग्न केले. साक्षीदार एकच, नवऱ्याची बहीण, आणि ती १५६१ मध्ये वारली. लग्न लावणारा धर्मगुरू सापडेना. राणीने दोघांना टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यात, टाकले. तिथे सप्टेंबर १५६१ मध्ये मुलगा झाला. मे १५६२ मध्ये आर्चबिशप पार्करच्या आयोगाने हे लग्नच नव्हते असा निकाल दिला, म्हणजे मुलगा अनौरस. आणि तरीही टॉवरच्या अधिकाऱ्याने या जोडप्याला भेटू दिले असणार, कारण दुसरा मुलगा फेब्रुवारी १५६३ मध्ये जन्मला. तेव्हा आपल्या ऑक्टोबरात प्रोटेस्टंटांची उमेदवार तुरुंगात आहे, एका मुलाची आई आहे, पाचेक महिन्यांची गरोदर आहे आणि चर्चच्या लेखी अविवाहित आहे.

तिचा तुरुंग मात्र टॉवर होता, हे विसरू नका. शस्त्रागार तिथे, टांकसाळ तिथे, आणि राज्याभिषेकापूर्वी राजाने मुक्काम करायची प्रथाही तिथलीच. जेनला गादीवर बसवताना तिला टॉवरमध्ये न्यावे लागले होते. कॅथरीनच्या बाबतीत फक्त कोठडीचे दार उघडायचे होते. सेसिलसारख्या माणसाने हे पहिल्या संध्याकाळी केले असते असे मला वाटते. लग्नाचा निकाल आठवड्यात फिरवता येतो. पार्कर हाताशीच होता.

इथे ज्यांना पेशवाईतला १७७४ चा काळ ठाऊक आहे त्यांना बारभाई आठवतील: गर्भवती गंगाबाई पुरंदरावर, कारभार मंत्र्यांच्या हाती, आणि दुसरा दावेदार रघुनाथराव इंग्रजांच्या दारात. साम्य खरे आहे, पण एक फरक माझ्या मुद्द्याला उपयोगी पडतो. पेशवा नसला तरी साताऱ्याला छत्रपती होते, वस्त्रे तिथून येत, त्यामुळे बारभाईंना कुणाच्या तरी नावाने कागद काढता येत होता. लंडनच्या कौन्सिलला ते नावच नव्हते.

आता डडली. शुद्धीवर येताच एलिझाबेथने कौन्सिलला सांगितले की आपल्यामागे रॉबर्ट डडलीला राज्याचा संरक्षक नेमावे आणि वर्षाला २०,००० पौंड द्यावेत. स्पॅनिश वकील क्वाद्रा याने ही बातमी मालकाला लगोलग कळवली. डडली तोवर कौन्सिलचा सभासदही नव्हता. १५६० मध्ये त्याची बायको जिन्याच्या पायथ्याशी मेलेली सापडल्यापासून अर्धा देश त्याच्याकडे संशयाने पाहत होता. नॉरफोकच्या ड्यूकला तो डोळ्यांपुढे नको होता. आणि त्याचा बाप कोण? १५५३ चा तोच नॉर्थंबरलंड. दुसऱ्या डडलीला राज्य चालवू द्यायला जुने सरदार तयार झाले असते हे मला पटत नाही. मरणाऱ्या राणीपुढे हो म्हटलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या दिवशी त्या शब्दाला जागले असते?

यात तिसरा उमेदवार मिसळा: हंटिंग्डनचा अर्ल हेन्री हेस्टिंग्ज. चौथ्या एडवर्डच्या भावाचा वंशज, कट्टर प्रोटेस्टंट, पुरुष, वयात आलेला. क्वाद्राच्या बातमीनुसार त्या रात्रींच्या चर्चेत काहींनी कॅथरीनचे नाव घेतले, काहींनी हंटिंग्डनचे, आणि विंचेस्टरच्या वृद्ध मार्क्विसने हे प्रकरण कायदेपंडितांकडे सोपवा म्हटले. हंटिंग्डनची बायको कोण, तर रॉबर्ट डडलीची बहीण.

आणि शेवटचा धागा, जो पर्यायी इतिहास लिहिणाऱ्यांच्या हातून हमखास सुटतो. त्या ऑक्टोबरात इंग्लंडकडे एकच पगारी सैन्य होते. देशाला खडे सैन्य नव्हतेच. उत्तरेला बेरिकची शिबंदी होती आणि बाकी परगण्यांतली हौशी पलटण. पण सप्टेंबरात एलिझाबेथने ह्यूगेनॉटांशी, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांशी, करार करून ६,००० माणसे द्यायचे कबूल केले होते, त्या बदल्यात ल हाव्र बंदर, आणि पुढे जमले तर १५५८ मध्ये गमावलेले कॅले. पहिली तुकडी ऑक्टोबरच्या आरंभी उतरली. सेनापती मात्र महिनाअखेरीपर्यंत पोचला नव्हता. तो सेनापती म्हणजे वॉरविकचा अर्ल अँब्रोज डडली, रॉबर्टचा थोरला भाऊ.

म्हणजे राणी जाते त्या क्षणी राज्यातले सज्ज सैन्य एका डडलीच्या हाताखाली आहे, संरक्षकपदावर दुसऱ्या डडलीचा दावा आहे, आणि गादीचा एक उमेदवार त्यांचा मेहुणा आहे. टॉवरमध्ये सेसिल कॅथरीनला राणी म्हणतोय. नॉरफोक आपल्या कुळांना हत्यारे वाटतोय. यात कॅथलिक अजून कुठेच नाहीत. मी हा प्रसंग वर्गात भूमिका वाटून खेळवतो तेव्हा विद्यार्थी रोमच्या पोपची वाट बघत बसतात आणि तोवर सेसिल आणि डडली टेम्स नदीच्या काठावर एकमेकांवर चालून गेलेले असतात. माझ्या मते इथे एकतर आठवडाभरात तडजोड होते, म्हणजे कॅथरीन राणी आणि डडली बंधूंना पैसा व पदे, किंवा लंडनच्या दोन कोसांवर पहिली लढाई होते. तडजोडीची शक्यता मी थोडी जास्त धरतो, कारण सेसिल हिशेबी होता आणि हंटिंग्डनला स्वतःला राजा व्हायची फारशी हौस असल्याचे त्याच्या पुढच्या आयुष्यात कधी दिसले नाही.

मग स्कॉटलंडची मेरी. ती त्या वेळी कुठे होती हे पाहिले की धर्मयुद्धाचे तयार चित्र पुरते विस्कटते. ती ईशान्य स्कॉटलंडमध्ये होती आणि आपल्याच देशातल्या सर्वांत बलाढ्य कॅथलिक सरदाराशी, हंटलीच्या अर्लशी, लढत होती. तिच्या बाजूने सैन्य चालवत होता तिचा सावत्र भाऊ मरे, जो प्रोटेस्टंट. २८ ऑक्टोबरला कॉरिची येथे लढाई झाली, हंटली घोड्यावर बसल्या बसल्याच गतप्राण झाला, आणि पुढे मे १५६३ मध्ये मसाला भरून ठेवलेल्या त्याच्या प्रेतावर पार्लमेंटपुढे राजद्रोहाचा खटला चालला. स्कॉटलंडला परत आल्यावर आठवड्याच्या आत, ऑगस्ट १५६१ मध्ये, मेरीने जाहीर केले होते की देशात जो धर्म चालू आहे त्यात कुणी फेरफार करू नये. स्वतःपुरता मास, म्हणजे कॅथलिक उपासना, लोकांना त्यांचे चर्च, असा तिचा व्यवहार.

१६०३ मध्ये रॉबर्ट केरीने एलिझाबेथच्या मृत्यूची बातमी लंडनहून एडिंबरोला तीन दिवसांच्या आत पोचवली, पण तो विक्रम होता. अ‍ॅबर्डीनला बातमी आठवड्याने आली असे धरू. मेरीचा मुख्य मंत्री मेटलंड हा प्रोटेस्टंट होता, आणि त्याच्या साऱ्या राजकारणाचे सूत्र एकच, मेरीला इंग्लंडची वारस म्हणून मान्यता मिळवणे. तेव्हा नोव्हेंबरात सरहद्दीवरची ट्वीड नदी ओलांडणारी ‘कॅथलिक’ राणी प्रोटेस्टंट सरदारांना घेऊन, सध्याचा धर्म आहे तसा राहील असे वचन देत आली असती. तिच्याकडे जन्मसिद्ध हक्क आहे, मुकुट आहे, सैन्य आहे. समोर कोण, तर टॉवरमधून काढलेली गरोदर बाई आणि तिच्याभोवती एकमेकांवर विश्वास नसलेली माणसे. उत्तरेतली पर्सी आणि नेव्हिल ही सरदार घराणी मेरीला मिळाली असती, यात मला शंका नाही. बेरिकच्या शिबंदीचा पगार कोणत्या राणीच्या नावाने द्यायचा हेच ठरलेले नसताना ती किती दिवस दार लावून बसली असती?

परकी मदत कोण देणार, याचे उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा निराशाजनक आहे. मेरीचे मामा, फ्रान्समधले कॅथलिक सरदार गीझ, तिच्या मदतीला येतील असे म्हणतात. पण फ्रांस्वा द गीझ तेव्हा रुआँला वेढा घालून बसला होता, डिसेंबरात द्रूच्या लढाईत गुंतला, आणि फेब्रुवारी १५६३ मध्ये ऑर्लेआँपाशी मारेकऱ्याच्या गोळीने मेला. स्पेनचा फिलिप? १९ ऑक्टोबर १५६२ ला, म्हणजे एलिझाबेथ मरणाच्या दारात होती त्याच आठवड्यात, ला एर्रादूराच्या किनाऱ्यावर वादळात त्याची २५ गलबते बुडाली. दोन वर्षांपूर्वी जेरबाला तुर्कांकडून मार खाल्लेला. शिवाय गीझांची भाची इंग्लंडच्या गादीवर बसणे म्हणजे इंग्लिश खाडीचे दोन्ही किनारे फ्रान्सच्या हाती जाणे. कॅथलिक असला तरी फिलिपला ते नको होते. क्वाद्राकडून गोड पत्रे आली असती, सोने कमीच. जुन्या राजघराण्याचे वंशज पोल बंधू मेरीसाठी फ्रान्सहून सैन्य आणायच्या बेतात त्याच महिन्यात पकडले गेले. येत्या वसंतापर्यंत राणी मरेल असे त्यांना ज्योतिष्यांनी सांगितले होते. असल्या मंडळींवर युद्ध चालत नाही.

आणि सामान्य लोक? फ्रान्समध्ये वासी गावातल्या प्रोटेस्टंटांच्या कत्तलीने युद्ध पेटले त्याआधीच ह्यूगेनॉटांच्या मंडळ्या बांधलेल्या होत्या, त्यांचे सरदार, त्यांचा खजिना, त्यांची पथके होती. इंग्लंडमधल्या प्रोटेस्टंटांनी असे काही उभारलेच नव्हते, कारण सत्ताच त्यांच्याकडे होती. कॅथलिकांकडेही संघटना नव्हती. जुने बिशप पदच्युत होऊन कैदेत किंवा नजरकैदेत होते. गावोगावच्या धर्मगुरूंपैकी काही शेकड्यांनीच १५५९ चा बदल, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चची पुनःस्थापना, नाकारून पद सोडले, बाकीच्यांनी नवे प्रार्थनापुस्तक हातात घेतले. परदेशात द्वे इथे इंग्लिश कॅथलिक धर्मगुरू घडवणारे विद्यालय निघाले १५६८ मध्ये, तिथले पहिले धर्मगुरू इंग्लंडात आले १५७४ मध्ये, आणि जेझुइट १५८० मध्ये. पोपने एलिझाबेथवर घातलेला बहिष्कार १५७० चा. १५६९ च्या उत्तरेतल्या उठावात, जेव्हा सगळे वातावरण कितीतरी तापलेले होते, बंडखोर दरॅमच्या कॅथेड्रलमध्ये शिरले, इंग्रजी बायबल फाडले, मास केला, आणि जेमतेम सहा हजार माणसे जमवून यॉर्कशरमधूनच माघारी फिरले. मरायला तयार अशी कॅथलिक जनता १५६२ मध्ये कागदावर रंगवता येते, गावात सापडत नाही.

तरीही धर्म आत शिरला असताच, आणि माझ्या अंदाजाने तो १५६३ च्या वसंतात आणि प्रोटेस्टंट बाजूने. कॅथरीनच्या कौन्सिलला मेरीच्या जन्मसिद्ध हक्कापुढे टिकणारे दुसरे काही बोलायला नव्हते. स्मिथफील्डला जळालेल्यांच्या आठवणी ताज्या होत्या. मेरी ट्यूडरच्या राज्यात जवळजवळ तीनशे लोक जिवंत जाळले गेले होते. ‘दुसरी मेरी येतेय’ एवढे लंडनच्या व्यासपीठांवरून ओरडले की पुरे. मग ल हाव्रहून परतलेले शिपाई. प्रत्यक्षातही तिथली शिबंदी प्लेगने पोखरली, जुलै १५६३ मध्ये शरण आली, आणि परतलेल्यांसोबत रोगही आला. त्या वर्षी लंडनमध्ये सुमारे वीस हजार माणसे मेली. अर्धी राजधानी ओस, कौन्सिल पळालेले, आणि कॅथरीन कदाचित त्यांतच गेलेली. प्रत्यक्षात ती १५६८ मध्ये, सत्तावीस वर्षांची असताना वारली.

म्हणून मी पैज लावायची तर ती मेरी स्टुअर्टवर, १५६४ च्या सुमारास. पण स्कॉटलंडमधल्या अटींवर: चर्च प्रोटेस्टंट, सेसिल दूर, मरे आणि मेटलंड जवळ, आणि राणीच्या खासगी प्रार्थनागृहात मास. या निकालावर रोम नाराज झाले असते, जहाल प्रोटेस्टंटही. खरे धर्मयुद्ध मला दिसते ते तिच्या राज्याच्या दुसऱ्या दशकात, द्वेहून शिकून आलेले तरुण धर्मगुरू आणि एकही बिशप मानायला तयार नसलेले प्युरिटन, म्हणजे जहाल प्रोटेस्टंट, जेव्हा एकाच गावात समोरासमोर आले असते. तोवर कॅथरीनचा मोठा मुलगा विशीकडे झुकला असता. त्या युद्धाला उमेदवारही तयार, आणि त्यांच्यासाठी मरायला माणसेही.

प्रश्नासोबत एक उपप्रश्न होता: मग इंग्रज भारतात आलेच नसते का? ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली ती एलिझाबेथने, ३१ डिसेंबर १६०० ला, आणि त्या काळी गोवा, वसई, चौल फिलिपच्या घराण्याच्या अमलाखाली होते. स्पेनशी वैर नसलेल्या इंग्लंडला लिस्बनचा मिरीचा व्यापार फोडायची घाई कमी असती, इतके म्हणता येते. त्यापुढे सुरतेच्या वखारीपर्यंत साखळी ओढायला मी तयार नाही. मधल्या पन्नास वर्षांत फार कड्या आहेत. ओढायचीच असेल तर डचांकडे बघा. त्यांची कंपनी १६०२ ची, तिचे भांडवल लंडनच्या कंपनीपेक्षा कितीतरी मोठे, आणि वेंगुर्ल्यात त्यांची वखार १६३७ पासून होतीच.